हात थरथरू नये म्हणून

आमच्या ह्यांचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा मी हसले होते. ऑपरेशनला काही महिने झाले होते. संभाजीनगरची भाड्याची खोली सोडून आम्ही गावी परतलो होतो आणि हे ओट्यावर बसून चहा पीत होते. कप बशीवर खडखड वाजायला लागला. मी आतून ओरडले, "काय हो, चहात पाल पडली का काय?" ह्यांनी कप खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "आपोआप हलायलाय," म्हणाले. मी आणखी हसले. हसायची सवय मी दवाखान्यातच लावून घेतली होती, नाहीतर तिथं माझा निभाव लागला नसता.

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. कशानं, ते कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. कुणी म्हणालं रक्तदाब, कुणी म्हणालं पाठदुखीच्या गोळ्या, कुणी म्हणालं बोअरचं पाणी. डायलिसिस करता करता माणूस पार वाळून गेला. सासूबाई थकलेल्या, दिरांना साखरेचा आजार. उरले मी. तपासण्या झाल्या, माझं रक्त जुळलं आणि मी माझी डावी किडनी दिली. लोक त्याला त्याग म्हणतात. मला विचाराल तर मला नवरा हवा होता, एवढंच. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाटताना मी अर्धा डाव जास्तीचा वाढते, तेव्हा त्याला कुणी त्याग म्हणत नाही.

किडनी बसवली म्हणजे संपलं, असं आम्हाला वाटत होतं. खरं तर तिथून पुढं सगळं सुरू झालं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. ही किडनी ह्यांच्या शरीराला परकी आहे. ती परकी आहे हे शरीराच्या लक्षात आलं की ते तिच्यावर तुटून पडतं. म्हणून शरीराला गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, जन्मभर. ह्यांनी मान डोलावली, पण त्यांना काही कळलं नव्हतं. रिक्षात मी त्यांना माझ्या पद्धतीनं सांगितलं. माझ्या माहेरी एखाद्या वासराची आई मेली की ते दुसऱ्या गाईला लावायचे, तेव्हा वडील त्या गाईचे मागचे पाय दोरीनं बांधायचे. दोरी ढिली झाली की वासराला लाथ बसलीच. मी म्हटलं, "तुमी गाय, माझी किडनी वासरू, आन् गोळी म्हंजे दोरी." हे म्हणाले, "मला गाय केलंस होय?" पण कळलं त्यांना. तिथून पुढं कुणी गोळीचं विचारलं की हे म्हणायचे, दोरी बांधली.

दोरी किती घट्ट आवळायची, हीच मेख होती. त्यासाठी रक्तातली औषधाची लेव्हल बघतात. औषध कमी पडलं तर शरीर लाथ मारणार. जास्त झालं तर तेच औषध किडनीला बाधतं, साखर वाढते आणि हात थरथरतात. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. म्हणून तपासणीच्या दिवशी आम्ही अंधारातच देवगाव फाट्यावर जाऊन उभे राहायचो आणि गोळी माझ्या पर्समध्ये असायची. रक्त दिलं की दवाखान्याच्या पायरीवरच ती ह्यांना द्यायची. आठचा ठोका चुकतो म्हणून माझा जीव खालीवर व्हायचा. तपासणीच्या दिवशी उशीर चालतो, उलट तसाच तो करायचा असतो, असं डॉक्टरांनी कितीदा सांगितलं तरी माझी धाकधूक जात नव्हती.

हाताची तक्रार मीच डॉक्टरांकडे केली. ह्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, दाढी करताना गाल कापायचा. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि संध्याकाळची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमनं कमी केली. हात थोडा शांत झाला. मी खूश. पुढच्या तपासणीला क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, तो वाढला की समजायचं किडनी दमली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा होती तेवढी केली, आकडा खाली आला आणि हात पुन्हा हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, "हात हलला तर हलू द्या. हातानं माणूस मरत नाही."

डॉक्टर शहरातले. हातानं माणूस कसा मरतो, ते त्यांना माहीत नव्हतं.

गावात आम्ही मुतखड्याचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. हा निर्णय ह्यांचा. मी पदर पुढं घेऊन पोटावरचा व्रण झाकायची, हे सदरा काढून ओट्यावर बसायचे बंद झाले. कारण एकच, आमची लेक. ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढं तिचं लग्न करायचं होतं. बापाच्या किडन्या गेलेल्या, आईची एकच उरलेली, असल्या घरची पोरगी कोण करून घेणार? हा रोग रक्तातला असला तर? असं लोक बोलणार, हे ह्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. गावात कुणाला काही कळलं नसेल असं मला कधीच वाटलं नाही. आपण इतके महिने कुठं होतो, तोंडाला मास्क का लावतो, हे लोक बघतातच. पण समोर कुणी बोललं नाही आणि आम्ही त्यालाच झाकलं म्हणत राहिलो.

लेकीला पहिलं स्थळ सेलूकडचं आलं, माझ्या थोरल्या भावानं आणलेलं. आमच्याकडे पाहुणे जेवायला बसायच्या आधी घरधनी त्यांना गंध लावतो, डोक्यावर टोपी ठेवतो आणि खांद्यावर टॉवेल टाकतो. हे काम दुसऱ्यावर सोपवत नाहीत. सोपवलं तर घरधन्यात काही कमी आहे, असं लोक समजतात. ह्यांनी अष्टगंधाची वाटी घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मुलाच्या वडलांच्या कपाळापर्यंत बोट गेलं आणि हात असा हलला की गंध भुवईवरून नाकापर्यंत ओघळला. त्या गृहस्थांनी रुमालानं पुसलं. पुसता पुसता ते पुढं झुकले आणि नाकपुड्या फुगवून ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

चार दिवसांनी दादाचा फोन आला. तो बोलायला कचरत होता. "पोरगी पसंत हाय म्हणायलेत," म्हणाला, "पण दाजींचं पिणं त्यांच्या कानावर आलंय."

ज्या माणसानं आयुष्यात तंबाखूची चिमूट तोंडात धरली नाही, त्याच्या नावावर दारू लागली. मी फोनवरच भावाला चार शिव्या हासडल्या, त्याचा काही दोष नसताना. हे शांत होते. तेच मला सहन झालं नाही. लेक म्हणाली, "पप्पा, खरं सांगून टाका ना. नकार द्यायचा तर खऱ्यावर तरी देतील."

"गप बस," हे म्हणाले. "दारू सुटती, लोक माफ करतात. रक्तातलं माफ करत न्हाईत."

लेक उठून आत गेली. मी ह्यांच्या बाजूला बसून म्हटलं की पोरगी बरोबर बोलायली.  ह्यांनी मांडीवर एक हात ठेवून तो दुसऱ्या हातानं दाबून धरला होता.

त्यानंतर स्थळ आलं ते येलदरीकडचं. घर शेतीवाडीचं, मुलगा जिंतूरला बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. बोलण्यात आदब, नजर सरळ. लेकीनं त्याला बघितल्यावर तोंड वाकडं केलं नाही, म्हणजे पसंत होता. मुलाची आई उंचपुरी, कमी बोलणारी बाई. घरात आल्या आल्या तिनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तब्येत कशी हाय आता तुमची?" बायका विचारतात तसं विचारलं असेल म्हणून मी म्हटलं, "चांगली हाय की."

आणि त्या दिवशी ह्यांचा हात हलला नाही. गंध कपाळाच्या मधोमध लागला, गोल, ठसठशीत. टोपी नीट बसली. चहाचा कप देताना बशी वाजली नाही. मी दारातून बघत होते आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पाहुणे गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "हे कसं काय?" हे म्हणाले, "शरीराला सवय झाली असल." मला ते खरं वाटलं, कारण मला ते खरं वाटून घ्यायचं होतं. मी देवापुढं साखर ठेवली. देवाला म्हटलं, इतके दिवस छळलंस, आता पुरे कर.

मग कार्यक्रमांची रांगच लागली. देण्याघेण्याची बैठक, कुंकवाचा कार्यक्रम, साखरपुडा. प्रत्येक वेळी गंध, टोपी, टॉवेल, आणि प्रत्येक वेळी ह्यांचा हात खांबासारखा स्थिर. मधे तपासणीची वेळ येऊन गेली. हे म्हणाले, घरात पाहुण्यांचा राबता आहे, साखरपुडा होऊ दे, मग निवांत जाऊ. मी कुरकुर केली, पण खरंच श्वास घ्यायला सवड नव्हती.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी हे ओट्यावर पाय सोडून बसले होते. नवी चप्पल काढलेली. पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ इतका खोल रुतला होता की मी वाकून बघितलं. नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तो खड्डा माझ्या ओळखीचा होता. डायलिसिसच्या दिवसांत मी रोज तो दाबून बघायची.  "लघवी नीट होती का?" मी विचारलं. हे दुसरीकडे बघत म्हणाले, "कमी झाली थोडी."

त्याच दिवशी गाडी करून आम्ही संभाजीनगर गाठलं. रक्त घेतलं, रिपोर्ट यायला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. क्रिएटिनिन कुठल्या कुठं गेलं होतं आणि औषधाची लेव्हल जवळजवळ नव्हतीच. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "गोळ्या कोण देतं ह्यांना?"

"मी," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात जे होतं ते मी समजले आणि माझ्या अंगाची लाही झाली. स्वतःची किडनी देणाऱ्या बाईला हा माणूस विचारतो की गोळ्या देतेस का? मी तोंड उघडणार एवढ्यात हे खाली बघत बोलले, "तिचा दोष न्हाई. ती देती. मी घेत नव्हतो."

मग एकेक बाहेर आलं. सेलूचं स्थळ मोडल्यावर ह्यांनी आपल्या मनानं हिशेब केला. डॉक्टरांनी एकदा गोळी कमी केली होती तेव्हा हात शांत झाला होता, म्हणजे कमी केलं की हात थांबतो. मग संध्याकाळची गोळी हे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर जाताना बरोबर न्यायचे आणि बांधावर टाकून द्यायचे. कार्यक्रम जवळ आला की सकाळची सुद्धा. माझ्यासमोर तोंडात टाकायची, पाण्याचा घोट घ्यायचा, गोळी गालात ठेवायची आणि परसात जाऊन थुंकायची. एकदा पाहणी म्हणून, एकदा बैठक म्हणून, एकदा कुंकू म्हणून. प्रत्येक वेळी ठरवायचे की हे शेवटचं.

"पाण्याची एखादी पाळी चुकली तर पीक मरत न्हाई," हे डॉक्टरांना म्हणाले. "मला वाटलं पोरीचं होऊन जाऊ दे, मग नीट घेईन."

डॉक्टरांनी डोकं धरलं. ते रागावले नाहीत, तेच वाईट होतं. रागावण्यासारखं काही शिल्लक असतं तर ते रागावले असते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी मात्र सोडलं नाही. लोक बघत होते, बघू दे. "माझं पोट फाडून घेतलंय मी," मी म्हटलं. "ती किडनी तुमच्या बापाची इस्टेट हाय का, बांधावर फेकायला? टोपी-टॉवेलासाठी? त्या लोकांच्या कपाळावरच्या टिकलीएवढ्या गंधासाठी?" हे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "पोरीसाठी." मी म्हटलं, "पोरीनं मागितलं होतं का?"  माझ्या मनात त्या वेळी फक्त राग होता. दया नंतर आली, आणि ती आली तेव्हा रागापेक्षा जड वाटली.

सुई घालून किडनीचा तुकडा काढला, तपासला. शरीरानं लाथ मारली होती. सलाईनमधून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले, ते मोजून दिले, मधे थांबले, पुन्हा दिले. ह्यांचं तोंड सुजलं, साखर वाढली, रात्रंदिवस चिडचिड. टॅक्रोची, म्हणजे त्या दोरीची, गोळी आधीपेक्षाही वाढवली. दर थोड्या दिवसांनी लेव्हल. आज जास्त निघाली, कमी करा. आज कमी निघाली, वाढवा. मी घड्याळ घेऊन समोर बसायची. गोळी गिळली की तोंड उघडायला लावायची, जीभ वर करायला लावायची, गालात बोट घालून बघायची, अंगणवाडीत पोरांना जंताची गोळी देताना बघते तसं. हे निमूट तोंड उघडायचे. ज्या माणसाला सगळं गाव अण्णा म्हणून मान देतं, त्याच्या तोंडात मी रोज बोट घालत होते. मला त्याची लाज वाटायची आणि तरी मी ते एक दिवस चुकवलं नाही.

क्रिएटिनिन थोडं उतरलं आणि अडकलं. डॉक्टर म्हणाले, जेवढी वाचली तेवढी वाचली, आता ती किती दिवस ओढते ते बघायचं.

लग्न ठरल्या तारखेला झालं. मांडवात ह्यांचा हात इतका हलत होता की कन्यादानाचं पाणी निम्मं धोतरावर सांडलं. मग व्याह्यांना गंध लावायची वेळ आली. व्याह्यांनी काय केलं, तर ह्यांचं मनगट खालून आपल्या हातात धरलं आणि स्वतःच कपाळाला टेकवून घेतलं. कुणी हसलं नाही, कुणी वास घेतला नाही. मला वाटलं, दारू समजले असतील, पण चांगले लोक आहेत, मांडवात तमाशा नको म्हणून सांभाळून घेतलं. त्यांच्या चांगुलपणाचा सुद्धा मला तेव्हा राग आला. लेक जाताना रडली नाही. ह्यांच्या गळ्यात पडून एवढंच म्हणाली, "पप्पा, गोळ्या घ्या."

सहा-सात महिने ती किडनी ओढत राहिली. मी रोज आकड्याकडे बघत होते. स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या घरात मोडताना बघावी आणि हात लावता येऊ नये, तसं झालं होतं माझं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता गोळ्या कमी करत आणायच्या. इतके दिवस जी गोळी चुकू नये म्हणून धडपडलो, ती आता बंद करत जायची, कारण राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी विचारलं, "मग ती काढणार का?" डॉक्टर म्हणाले, "गरज नाही. त्रास देत नसेल तर आतच राहू द्यायची." म्हणजे ह्यांच्या पोटात आता तीन किडन्या आहेत. त्यातली एकही चालत नाही.

परभणीला डायलिसिस सुरू झालं. पुन्हा तीच सुई, तोच पलंग, पाणी मोजून पिणं. दुसरी किडनी कोण देणार? लेक म्हणाली मी देते. ह्यांनी तिला असं झिडकारलं की ती पुन्हा बोलली नाही.

एका दुपारी विहीणबाई ह्यांना बघायला आल्या; त्यांच्याकडे आम्ही अशक्तपणा आलाय एवढंच कळवलं होतं. हे डायलिसिसहून येऊन झोपले होते. त्यांनी ह्यांच्यासाठी मीठ न घातलेली दोडक्याची भाजी आणि पातळ भाकरी आणली होती. मला नवल वाटलं, ह्यांना मीठ चालत नाही हे विहीणबाईंना कुणी सांगितलं? आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी लेकीचं विचारलं. छान चाललंय म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा.

"ताई, अशी कशी गेली हो एवढी चांगली किडनी?"

मी म्हटलं, "कुणाची किडनी?"

"आता काय झाकता," त्या म्हणाल्या. "आमाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुमच्या गावात आमच्या भावकीतली बाई दिलेली हाय की. स्थळ बघायच्या आधीच तिनं सांगितलं होतं, बापाला किडनी बसवलीय आन् ती आईनं दिलीय. आमचे हे तर त्याच्यावरच भाळले. म्हणले, जिनं नवऱ्याला किडनी काढून दिली तिच्या हाताखाली वाढलेली पोरगी हाय, दुसरं काय बघायचं? हात हलतो ते बी सांगितलं होतं तिनं. पहिल्या दिवशी हात हलला न्हाई तवा आमीच एकमेकांला म्हणलो, चला, सुधारणा हाय."

 मी विचारलं, "मग बोलला का न्हाईत?"

"तुमी झाकायलात, मग आमी कसं उघडं पाडावं?" विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या इज्जतीचा सवाल. म्हणलं, तुमाला वाटल तवा तुमीच सांगताल."

त्या माउलीचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी आमची लाज राखली. आम्ही आमची लाज राखली. दोन्ही घरांनी एकमेकांची इतकी लाज राखली की त्यात माझी किडनी गेली. मला ओरडावंसं वाटलं. उतरंड खाली ओढावी, चुलीतलं लाकूड कुणाच्या तरी अंगावर फेकावं असं वाटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "कशानं गेली हो?" मी म्हटलं, "गेली. शरीरानं न्हाई घेतली." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडले, आणि त्या समजल्या की मी किडनीसाठी रडते.

त्या जाताना विचारून गेल्या, "व्याह्यांना सांगू का, आमाला ठाऊक हाय म्हणून? त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरल." मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, नका सांगू. आजारी माणूस आहे, उगाच मनाला लावून घेतील. त्यांना ते पटलं.

खरं तर मीच सांगणार होते. कित्येकदा वाक्य ओठांवर आलंय. भांडण झालं की येतं. परभणीच्या गाडीत उलटीची पिशवी धरून बसले की येतं. मी जे दिलं ते ह्यांनी कशासाठी उधळलं, हे त्यांना एकदा कळू दे, असं वाटतं. मी काही देवी नाही. मला अजून राग आहे आणि तो मेल्यावरच जाईल.

परवा यंत्राला जोडलेले होते. नर्स पलीकडच्या पलंगापाशी होती. ह्यांनी उजव्या बाजूला, पोटाच्या खालच्या अंगाला हात ठेवला. तिथं माझी किडनी अजून आहे, बोटाला कडक लागते. म्हणाले, "तुझ्या जिनसेची मी माती केली."

मी त्यांचं ब्लँकेट वर ओढलं.

"पण पोरीचं चांगलं झालं ना?"

"झालं की. काल फोन होता तिचा. जावई तिला दुकानात संगं नेतेत आता."

"बघ." त्यांनी डोळे मिटले. चेहरा उजळला होता, ऑपरेशननंतर पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा उजळला होता तितका. "एवढं समदं झालं, पण पाहुण्यांना शेवटपर्यंत काही कळू दिलं न्हाई आपण. कळलं का त्यांना काही?"

मी त्यांच्याकडे बघितलं. यंत्रातून त्यांचं रक्त फिरत होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "काहीच कळलं न्हाई."